उच्च दाबाची झडप आणि धातूचे कडे

वायू दाबून त्याचे आकारमान घटविणाऱ्या दट्ट्याच्या कॉम्प्रेसरमध्ये झडपेची बैठक आणि तिच्यासाठी कोरलेली सिलिंडरमधील खाच यांच्या दरम्यान जे धातूचे पातळ कडे, म्हणजे गॅस्केट, बसविलेले असते, त्याची किंमत यंत्राच्या मानाने नगण्य असली, तरी ते निकामी झाले की दाबलेला उष्ण वायू मागे परततो, तापमान वाढते आणि यंत्राचा वकूब घटतो.

या कड्याच्या निवडीचा पहिला दंडक असा, की ते ज्या पृष्ठभागांमध्ये दाबले जावयाचे त्यांहून मऊ असले पाहिजे. कारण बोल्टांच्या ताणाखाली मऊ धातू पसरून पृष्ठभागावरील सूक्ष्म खाचाखोचा भरून काढतो, तेव्हाच वायूचा मार्ग रोखला जातो. तांबे, ॲल्युमिनियम आणि मऊ लोखंड यांची योजना होते ती याच गुणामुळे. मात्र ६६० अंश सेल्सियसला वितळणारे ॲल्युमिनियम उष्णतेने लवकर ढिले पडते. ओलसर अमोनिया तांब्याला खातो, आणि ॲसिटिलीनशी तांब्याचा संयोग होऊन स्फोटक संयुग निर्माण होते. म्हणून या दोन्ही वायूंच्या कामी तांबे सर्वथा वर्ज्य मानून मऊ लोखंडाची तजवीज करणे इष्ट.

एकदा दाबले गेलेले तांबे कठीण होते. लाल होईपर्यंत तापवून ते पुन्हा मऊ करता येते, परंतु त्याची मूळ जाडी काही परत येत नाही. यास्तव झडप उघडली की काटकसरीच्या मोहाने जुने कडे पुन्हा बसवू नये; निर्मात्याने नेमून दिलेल्या धातूचे नवे कडेच वापरावे.