मोरव्याची धावपट्टी: उड्डाणाचे गणित आणि चंद्रपूरची भूमी

चंद्रपूर शहरालगत मोरवा येथे सार्वजनिक बांधकाम विभागाने १९६७ मध्ये उभारलेली धावपट्टी मुख्यतः मंत्री, अधिकारी आणि उद्योगपतींच्या छोट्या विमानांच्या उपयोगी पडली. नियमित प्रवासी सेवा मात्र तेथे रुजली नाही. कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद या उद्योगांचा हा जिल्हा असूनही येथील प्रवाशाला विमानासाठी सुमारे दीडशे किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते, आणि त्याची कारणे उड्डाणाच्या गणितात जितकी आहेत तितकीच या भूमीच्या घडणीत आहेत.

पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे निर्माण होणारी उचल विमानाच्या वजनाहून अधिक झाली की ते जमीन सोडते, आणि त्यासाठी लागणारा वेग गाठायला पुरेसे अंतर हवे असते. साधारण सत्तर आसनांच्या एटीआर-७२ या पंखेवाल्या विमानाला पूर्ण भारासह, समुद्रसपाटीवर आणि १५ अंश सेल्सिअस तापमानात, सुमारे १,३०० मीटर धाव लागते. एअरबस ए-३२० ला त्याहून बरीच अधिक. मोरव्याची पट्टी एका किलोमीटरच्या आसपासची आहे. शिवाय धावताना एक इंजिन बंद पडले, तर ठराविक निर्णयवेगाच्या आत विमान थांबवता यावे आणि त्यापुढे उरलेल्या इंजिनावर उडता यावे, अशी दुहेरी तजवीज करावी लागते. त्यात चंद्रपूरचा उन्हाळा पारा ४५ अंशांपलीकडे नेतो. तापलेली हवा विरळ होत असल्याने उचल आणि इंजिनाची शक्ती दोन्ही घटतात, म्हणून धावपट्टी लांब हवी किंवा प्रवासी कमी घ्यावे लागतात.

जमिनीइतकेच आकाशही मोकळे लागते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या विमानतळाभोवती सुमारे चार किलोमीटरच्या परिघात ४५ मीटरची उंची-मर्यादा धरली जाते, तर उतरण्याच्या दिशेने दूरवर हलक्या चढाची अडथळामुक्त पातळी राखावी लागते. औष्णिक वीज केंद्राच्या उत्तुंग चिमण्या आणि खाणींतून उपसलेल्या मातीचे ढिगारे ज्या परिसरात आहेत, तेथे ही अट विस्ताराला अडसर ठरते.

यावर पर्याय म्हणून राजुरा तालुक्यातील विहीरगाव-मूर्ती परिसरात नव्या विमानतळाचा प्रस्ताव पुढे आला. परंतु त्यात वनजमीन आणि वाघांच्या भ्रमणमार्गाचा प्रश्न उभा राहिला.

धावपट्टी पुरेशी असली तरी सेवा टिकतेच असे नाही. गोंदियाजवळच्या बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील तळाचा पुढे विस्तार झाला. तेथे २०२२ मध्ये सुरू झालेली प्रवासी सेवा काही महिन्यांत थांबली आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबादसाठी उड्डाण सुरू केले. छोट्या शहरांसाठी २०१६ मध्ये जाहीर झालेली 'उडान' योजना ठराविक आसनांचे भाडे मर्यादित ठेवून कंपनीची तूट अनुदानाने भरून काढते, ती याच अस्थैर्यामुळे.

मोरव्याची पट्टी निरुपयोगी मात्र नाही: प्रशिक्षणाच्या हलक्या विमानांना तेवढी लांबी पुरते आणि नागपूर फ्लाइंग क्लबने तिचा त्यासाठी उपयोग केला आहे. शेजारच्या गडचिरोलीत तर धावपट्टीची गरजच नसलेली हेलिकॉप्टरे निवडणुकीत मतदान पथकांना दुर्गम केंद्रांजवळ पोहोचवतात. म्हणून या दोन जिल्ह्यांत हवाई सेवेचा विचार मोठ्या विमानतळाच्या मागणीपासून नव्हे, तर कोणत्या कामाला कोणते विमान आणि किती जमीन लागते, या हिशेबापासून सुरू होणे अधिक सयुक्तिक ठरते.