शून्य आणि कोरा रकाना

पावसाळ्यात आपल्याकडे पारावर बसलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘काल किती झाला?’ पूर्वी ‘ओढ्याला पाणी आलं’ किंवा ‘नुसता शिडकावा झाला’ एवढं उत्तर पुरायचं. आता उत्तर मिलिमीटरमध्ये लागतं. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्याची हालचाल सुरू होते. पुढे पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक भरलं तर मदत मिळते. मोसंबी, डाळिंबाच्या हवामान आधारित विम्यात तर हवामान केंद्राच्या नोंदींवरच भरपाई ठरते. म्हणून हा आकडा कसा तयार होतो आणि त्यावर भरवसा कधी ठेवायचा, हे आपल्याला ठाऊक हवं.

राज्याच्या कृषी विभागाने स्कायमेट कंपनीच्या भागीदारीत २०१७ मध्ये ‘महावेध’ प्रकल्प सुरू केला. त्यातून महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांच्या नोंदी तिथून आपोआप पुढे जातात.

स्वयंचलित पर्जन्यमापकाची एक नेहमीची रचना अशी असते. नरसाळ्याखाली तराजूच्या पारड्यांसारखी दोन चिमुकली भांडी. एक भरलं की कलंडतं, पाणी सांडतं आणि दुसरं नरसाळ्याखाली येतं. प्रत्येक कलंडण्याचा एक ठोका यंत्र मोजतं. समजा, नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर आहे. मग एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. ०.२ मिलिमीटरला एक ठोका धरला, तर दर ४ मिलिलिटरला भांडं कलंडायला हवं. तपासणी सोपी आहे. मोजून ४०० मिलिलिटर पाणी हळूहळू ओतायचं आणि शंभर ठोके येतात का ते पाहायचं. नव्वदच आले, तर यंत्र दहा टक्के पाऊस गिळतं आहे. म्हणजे शिवारात ७० मिलिमीटर पडला तरी कागदावर ६३ दिसणार, आणि ते मंडळ अतिवृष्टीच्या यादीबाहेर राहणार. त्यात पाऊस धो धो कोसळताना भांडं कलंडत असतानाच थोडं पाणी निसटतं. ज्या दिवशी मोजमाप सर्वांत महत्त्वाचं, त्याच दिवशी ते कमी भरण्याचा धोका अधिक.

याहून मोठा घोटाळा शून्याचा. नरसाळ्यात पालापाचोळा किंवा पाखरांची घाण अडकली, तर बाहेर शेतं वाहून जात असताना यंत्र सांगतं शून्य. बॅटरी संपली किंवा संदेश पोहोचला नाही, तर काहीच येत नाही, रकाना कोरा राहतो. शून्य म्हणजे ‘मोजलं, पाऊस नव्हता’. कोरा रकाना म्हणजे ‘माहीत नाही’. कोऱ्या जागी कुणी शून्य भरलं, की न मोजलेला पाऊस न पडलेला ठरतो. कवितेत कोरी जागाही बोलते, असं आम्ही कवी म्हणतो. या तक्त्यात तिला निदान कोरं राहू द्यायला हवं.

यंत्राचा आकडा उलट्या बाजूनेही चुकतो. मे २०२४ च्या अखेरीस दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश तापमान दाखवलं, तर नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश. देशभर बातम्या झाल्या. मग हवामान खात्याने तपासणी केली. मुंगेशपूरचा संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता आणि नागपूरचा आकडाही बिघाडाचा निघाला. नागपुरात संशय यायला कारण होतं. त्याच परिसरातली इतर काही केंद्रं ४४ अंशांच्या आसपास होती.

आकडे पारखण्याच्या कसोट्या अशाच असतात. आकडा शक्यतेच्या मर्यादेत आहे का? दहा मिनिटांत अशक्य उडी घेतो का? तासन् तास एकाच जागी अडकला आहे का? लख्ख उन्हात, कोरड्या हवेत पाऊस दाखवतो का? कधी ते तुंबलेल्या नरसाळ्यातून झिरपणारं कालचं पाणी असतं. आणि शेजारची केंद्रं काय म्हणतात?

शेजाऱ्याची साक्ष मात्र जपून घ्यावी. तेलगावहून घाट चढून धारूरला गेलं, की बालाघाटावरचं आभाळ वेगळं भेटतं. वळीव तर एका शिवारात कोसळतो आणि बांधापलीकडे धूळ उडत असते. म्हणून वेगळा दिसणारा आकडा खोडायचा नाही. त्यावर ‘संशयास्पद’ अशी खूण करायची, मूळ नोंद तशीच ठेवायची, आणि दुरुस्ती केलीच तर कुणी, कधी, कशासाठी केली ते शेजारी लिहायचं. जुन्या दप्तरातही चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून सही करत. खालचा आकडा वाचता येत असे.

घड्याळाचीही तपासणी हवी. पावसाचा दिवस आपल्याकडे सकाळी साडेआठला बदलतो. सकाळी सात ते दहा सलग कोसळलेला पाऊस दोन तारखांत विभागला जातो. यंत्राचं घड्याळ चुकलं किंवा ग्रीनिचच्या वेळेशी असलेला साडेपाच तासांचा फरक विसरला गेला, तर ७० मिलिमीटरचा एक दिवस ४० आणि ३० असे दोन साधे दिवस होऊन बसतो.

मग आपण काय करावं? आपल्या मंडळाचं केंद्र कुठे आहे ते पाहून यावं. जवळचं झाड किंवा भिंत यंत्राच्या तोंडापासून जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर मध्ये मोकळं हवं. नरसाळं शेवटचं कधी साफ झालं, पाणी ओतून तपासणी कधी झाली, हे विचारावं. गावच्या शाळेत साधं पर्जन्यमापक बसवून रोज साडेआठला वहीत नोंद ठेवावी. पाऊस नसेल तर शून्य लिहावं, आणि मोजायचं राहून गेलं तर ‘मोजलं नाही’ असं स्पष्ट लिहावं. सरकारी निकषात ही वही केंद्राची जागा घेणार नाही. पण केंद्राने शून्य दाखवलं त्या दिवशी तहसीलदारांकडे तक्रार घेऊन जाताना हातात तारीखवार काहीतरी असेल.