मिरची परकी, ठेचा आपला

माळशेज घाटाच्या अलीकडे, जुन्नर तालुक्यातल्या मढच्या पट्ट्यात, नाचणीची भाकरी आणि ठेचा म्हणजे अस्सल गावरान जेवण. पण त्या ठेच्यातली मिरची मूळची मेक्सिकोची आणि शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. स्पॅनिशांनी १५२१ मध्ये अॅझ्टेकांची राजधानी जिंकली, तेव्हा तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून मिरची आणि मका पिकवत होते. ही पिकं युरोपीय जहाजांतून जगभर गेली. १५१० पासून गोव्यात ठाण मांडून बसलेल्या पोर्तुगीजांमार्फत मिरची आपल्याकडे आली. आपण जिला इथलीच समजतो ती नाचणीसुद्धा पूर्व आफ्रिकेची. ती काही हजार वर्षं आधी आली, एवढंच. मग या ताटात आपलं काय? आपली आहे ती करणी. मिरची तव्यावर भाजायची, लसूण-मीठ घालून तांब्याच्या बुडाने तिथेच रगडायची, ही रीत इथल्या बायकांनी बसवली. तीच मिरची मेक्सिकोत दगडी खलात वाटली जाऊन साल्सा होते. वस्तू बाहेरून येते. तिचं काय करायचं हे ठरवतात ती तिथली माणसं. लोकांची संस्कृती घडते ती या ठरवण्यातून.

माणसांच्या बाबतीतही जुन्नरचा पुरावा हेच सांगतो. नाणेघाटातून कोकणच्या बंदरांकडे जाणारा व्यापार सातवाहनकाळात याच भागातून चाले. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याचा लेख आहे. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. यवन म्हणजे ग्रीक किंवा एकूणच पश्चिमेकडून आलेले लोक. पण त्यांचे लेख प्राकृत भाषेत, ब्राह्मी लिपीत आहेत आणि दानाची रीत बौद्ध आहे. परक्याने इथे नाव कोरलं ते इथल्या रिवाजानुसार. पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने याच जुन्नरात निजामशाही उभी केली आणि तिचा कारभार काही काळ मलिक अंबर या हबशाने इथूनच हाकला. या राज्याच्या चाकरीत मराठे सरदार नावारूपाला आले. शिवरायांचे वडील शहाजीराजे त्यांतलेच.

यावर कुणी म्हणेल, मेक्सिकोत तलवार होती, देवीच्या साथीने माणसं मेली. इथे तर व्यापार होता, तुलना कशाला? आक्षेपात तथ्य आहे. तिथे स्पॅनिश ही बहुतेकांची भाषा झाली, इथे पोर्तुगीज शब्द मराठीत येऊन मराठीच झाले. पण इथे सारं गोडीगुलाबीनेच झालं, असंही नाही. सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची शिवनेरीवर कत्तल झाली. तिथला कोळी चौथरा त्याची खूण आहे. मिश्रणाची गोष्ट सांगताना किंमत कुणी मोजली, हेही सांगायला हवं. मेक्सिकोने १९१० च्या क्रांतीनंतर मूळ रहिवासी आणि स्पॅनिश यांच्या संकराला राष्ट्राची ओळख मानलं. होसे वास्कोन्सेलोस यांनी १९२५ मध्ये या संकरातून नवा मानववंश उदयाला येईल, असं ग्रंथ लिहून मांडलं. तरी मूळ रहिवासी मागेच राहिले आणि १ जानेवारी १९९४ रोजी चियापास राज्यात त्यांच्यातल्याच झापातिस्ता बंडखोरांनी बंड केलं. सगळेच मिश्र म्हणताना ज्यांची जमीन गेली त्यांची तक्रार झाकली गेली होती.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा: सगळंच बाहेरून आलेलं असेल, तर आदिवासींच्या वेगळ्या हक्काला आधार काय उरतो? इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. बियाणं कुठून आलं हा एक प्रश्न, आणि रान कुणी पिढ्यान्‌पिढ्या राखलं, कसलं, हा दुसरा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर हे आदिवासी राहतात. तिथली कुटुंबं भाताच्या खाचरांबरोबर हिरडा गोळा करून जगतात. २००६ चा वनहक्क कायदा त्यांना विचारतो तो वास्तव्याचा आणि जंगलावरच्या अवलंबनाचा पुरावा. ताटातली मिरची कुठली, हे तो विचारत नाही. वारसा मिश्र असल्याने हक्क पातळ होत नाही. उलट, बाहेरून आलेलं आपलंसं करण्याची ताकद ज्यांनी दाखवली, त्यांना त्याच मिश्रणाचं कारण देऊन हक्क नाकारणं हा उघड अन्याय ठरतो. म्हणून मिश्र संस्कृतीचा अभिमान मिरवणाऱ्याने आधी हिरड्याला रास्त भाव आणि कसत्या जमिनीचा सातबारा यांच्या बाजूने उभं राहावं.