नाणेघाट, मुरबाडच्या बाजूने

कल्याण-नगर रस्त्यावर वैशाखरे गाव मागे पडलं की नाणेघाटाची पायवाट लागते. सातवाहनांच्या काळात कल्याण, सोपारा बंदरांतला माल याच खिंडीतून जुन्नर-पैठणकडे चढे. माथ्यावरच्या दगडी रांजणात जकात जमा होई, असं परंपरा सांगते.

खरा ठेवा घाटातल्या लेण्यात आहे. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. यज्ञांत दान दिलेल्या गायी, हत्ती, कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. राजघराण्याचे पुतळे फुटले, वरची नावं उरली. या भिंतींवर स्वतःचं नाव खरडणाऱ्याला तिथल्या तिथे हटकावं.

आणखी एक दिवस हाती असेल, तर शहापूरचा माहुली किल्ला. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीसाठी अखेरची झुंज इथूनच दिली. उतरायचं स्टेशन आसनगाव.