धम्म संस्कार वर्गातील नाट्य आणि पर्यावरणाचे शिक्षण

१९८७ साली ब्रुंटलंड आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाल्यानंतर पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध न आणणाऱ्या विकासाची कल्पना जगभर रूढ झाली. मराठीत तिला ‘शाश्वत विकास’ हे नाव मिळाले. पालीच्या अभ्यासकास हे नाव किंचित खटकते, कारण तथागतांनी शाश्वतवाद नाकारला आहे. कोणतीही वस्तू स्वतःच्या बळावर टिकत नाही. तिला आधार देणारे प्रत्यय असतात तोवरच ती असते. म्हणून धम्माच्या दृष्टीने पर्यावरणरक्षण म्हणजे प्रत्ययांचे रक्षण होय. प्रतीत्यसमुत्पादाचा हा आशय केवळ व्याख्यानाने बालमनात उतरत नाही. मुलांनी एकत्र येऊन तो करून पाहावा लागतो. नाट्य हे त्याचे उत्तम साधन आहे, आणि जलशांची परंपरा लाभलेल्या आपल्या चळवळीस ते नवे नाही.

प्रथम व्याघ्र जातक (क्रमांक २७२) घ्यावे. एका अरण्यात सिंह व वाघ राहत. त्यांनी टाकलेल्या शवांची दुर्गंधी सुटे. परंतु त्यांच्या भयाने कोणी तेथील वृक्ष तोडीत नसे. बोधिसत्त्वाने समजावूनही एका अविचारी वृक्षदेवतेने दोघांना पळवून लावले. वाघाच्या पाऊलखुणा दिसेनाशा होताच लोक कुऱ्हाडी घेऊन आले, आणि थोड्याच दिवसांत अरण्याची शेते झाली. ‘देवता’ या शब्दाने कोणी बिचकू नये. या कथेत तिला कोणी नवस बोलत नाही. मुलांनी ती भूमिका वृक्ष म्हणूनच करावी. वाघ रंगमंचावरून गेल्यावर आपणच पडणार आहोत, हे वृक्ष झालेल्या मुलास वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा प्रसंग विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंद स्थविरांना ५०० चीवरे दिली. इतक्या वस्त्रांचे हे काय करणार, दुकान मांडणार काय, म्हणून राजा रागावला व विचारावयास आला. जीर्ण चीवरांच्या भिक्खूंना ती वाटू, असे उत्तर मिळाले. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. त्यानंतर जमिनीवरील अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकण्याचे फडके आणि अखेरीस ते कुटून, चिखलात कालवून जमीन लिंपावयाची. हा संवाद मुळातच नाट्यमय आहे. एक मूल राजा होईल. बाकीची ओळीने उभी राहून एकच जुने लुगडे पुढे देत आपापली अवस्था सांगतील. मधले एक मूल गप्प राहिले तरी साखळी तुटते.

येथे शिक्षकांनी एक सावधगिरी बाळगावी. ज्यांच्या घरी मुळातच कमी आहे, त्या मुलांना ‘कमी वापरा’ असा उपदेश करणे अन्यायाचे आहे. आनंदांचे उत्तर दारिद्र्याचे गुणगान नाही. ५०० चीवरे स्वीकारणाऱ्याने दिलेला तो हिशेब आहे. ज्याच्याकडे अधिक आले, त्याच्याकडून हिशेब मागण्याचा हक्कही मुलांना येथेच शिकवावा.

तिसरा प्रसंग रोहिणी नदीच्या पाण्याचा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या परिव्रज्येचे कारण या तंट्यात दाखविले आहे. सेनापतीने कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने सुचविले, दोन प्रतिनिधी शाक्यांचे, दोन कोलियांचे. त्या चौघांनी पाचवा निवडावा व पाचांनी वाद मिटवावा. ती उपसूचना बहुमताने फेटाळली गेली. मुलांनी ही सभा जशी घडली तशी सादर करावी. नंतर फेटाळलेली सूचना मान्य झाली असे धरून दुसरा प्रवेश स्वतः रचावा. मध्ये पाण्याची एक घागर, दोन्ही बाजूंस रिकामी भांडी, आणि वाटणी पाच जणांनी ठरवावयाची. पुढील खेपेस शाक्यांनी कोलिय व्हावे. नळावरील रांगेत उभी राहिलेली मुले या प्रवेशात जे बोलतील, ते कोणत्याही संहितेत सापडणार नाही. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाचा अर्थही त्यांना येथे सहज सांगता येईल. पाणी राखणे आणि पाण्यावर सर्वांचा समान हक्क मानणे, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

भूमिकांची वाटणी शिक्षकांनी करू नये. संघात प्रस्ताव मांडून संमती घेण्याची रीत आहे. मुलांनी त्याच रीतीने ती करावी. कोणी नायक नको, बक्षीस नको, पाठ केलेली लांब भाषणे नकोत. प्रयोगानंतर अर्धा तास केवळ चर्चेस द्यावा: आपल्या वस्तीतील कोणती वस्तू कोणत्या प्रत्ययावर उभी आहे, आणि तो प्रत्यय आज कोण तोडीत आहे? मुलांच्या उत्तरांतून पुढील नाटकाचा विषय मिळेल. येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने निदान एक प्रवेश बसवावा, अशी आमची विनंती आहे.