संगणक आला, पण माहीतगार माणूस बदलून गेला तर?

सरकारी कार्यालयात संगणक आला की काम सुधारतं, असं आपण गृहीत धरतो. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायला आपण सगळ्यांच्या ओळखीचा सातबारा घेऊ.

सातबारा म्हणजे गाव नमुना 7, अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना 12, पिकांची नोंद. पूर्वी तो तलाठ्याच्या दप्तरात असायचा. उतारा हवा तर आधी तलाठी भेटायला हवा! 2018 च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा ऑनलाइन मिळू लागला. हेलपाटे वाचले. ही माहिती तंत्रज्ञानाची कामगिरी, आणि ती मोठी आहे.

आता दुसरी बाजू. हस्तलिखित नोंदी संगणकात भरताना चुका राहिल्या. कुठे क्षेत्र चुकलं, कुठे नाव गळलं. म्हणून चावडी वाचन घ्यावं लागलं, म्हणजे गावासमोर नोंदी वाचून दाखवायच्या. का? तर एकाच नावाच्या दोन खातेदारांतला कोण कुठला, हे गावाला आणि जुन्या तलाठ्याला ठाऊक असतं, मशीनला नाही. नोनाका आणि ताकेउची या जपानी अभ्यासकांनी 1995 च्या आपल्या पुस्तकात हाच फरक मांडला: एक ज्ञान कागदावर उतरतं, दुसरं अनुभवात मुरलेलं असतं. दुसरं पहिल्यात आणत राहिलं, तर संस्था शिकते.

शेतकऱ्याचं यात काय अडतं? क्षेत्र चुकलं तर पीककर्ज अडतं. लेखनचूक दुरुस्त करायला जमीन महसूल अधिनियमाचं कलम 155 आहे. पण कुठला जुना फेरफार काढून पाहायचा, हे जाणणारा माणूस बदलून गेला की नवा माणूस पहिल्यापासून सुरू करतो. अर्ज ऑनलाइन, उत्तर मात्र ‘बघतो’!

मग करायचं काय? दुरुस्तीच्या आदेशात कारण नीट लिहा. अशा प्रकरणांची शोधता येईल अशी नोंद तालुक्याला ठेवा. पदभार देताना दप्तराच्या यादीबरोबर प्रलंबित प्रकरणांची टिपणंही द्या. याला पैसा फारसा नाही, वेळ लागतो. आणि तो वेळ कुणाच्याच कामात धरलेला नसतो, कारण आपण मोजतो ते निकाली निघालेले अर्ज. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत बांधून दिली, चांगलंच झालं. पण कारण देऊन मुदतीत फेटाळलेला अर्जही निकालीच धरला जातो. तेव्हा आणखी एक गोष्ट मोजा: तीच चूक त्याच कार्यालयात पुन्हा किती वेळा आली?