घरातील तीन फेज व तुटलेली न्यूट्रल

जून महिन्यात लखनौचा पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि घरोघरी कूलर व वातानुकूलन यंत्रे सुरू होतात. एवढा भार एकाच तारेवर पडू नये म्हणून मोठ्या घरांस तीन फेजची जोडणी देण्यात येते. अशा घरात तीन फेज व एक न्यूट्रल मिळून चार तारा येतात. कोणतीही फेज व न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट दाब असतो. दोन फेजांमध्ये मात्र तो सुमारे ४०० व्होल्ट असतो.

तिन्ही फेजांवर भार सारखा असेल, तर न्यूट्रलमधून प्रवाह जवळजवळ वाहत नाही. या शांत तारेकडे म्हणूनच दुर्लक्ष होते. समजा, एका फेजवर १,००० वॅटची शेगडी व दुसरीवर १०० वॅटचा दिवा चालू असून न्यूट्रलचा सांधा निसटला. आता दोन्ही उपकरणे ४०० व्होल्टांच्या दाबात एकापुढे एक जोडली गेली. त्यांचा रोध कायम धरल्यास शेगडीच्या वाट्यास सुमारे ३६ व्होल्ट येतात, तर दिव्याच्या वाट्यास ३६४! दिव्याच्या जागी दूरचित्रवाणी संच असेल, तर तोच जळतो. विशेष हे की, या वेळी प्रवाह एका अँपिअरहूनही कमी असतो. त्यामुळे फ्यूज वितळत नाही. विजेचा धक्का टाळण्यासाठी अत्यावश्यक असलेला, प्रवाहाची गळती ओळखणारा स्विचही येथे स्वस्थ राहतो, कारण गळती झालेलीच नसते. अतिदाब होताच पुरवठा तोडणारे साधनच येथे उपयोगी पडते.

सांधा निसटण्यास पुष्कळदा घरातील सवयच कारण होते. एक फेज गेली की तिच्यावरील भार दुसरीवर टाकला जातो. मग न्यूट्रलमधून बराच अधिक प्रवाह परततो. त्यातच फ्यूजमध्ये जाड तार घातलेली असली, तर ढिला सांधा तापून जळतो.

न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज कधीही बसवू नये. ती तोडावयाची तर तिन्ही फेजांसह एकाच वेळी तुटली पाहिजे. काही दिवे एकाएकी प्रखर व काही मंद झाले, तर मुख्य स्विच तत्काळ बंद करावा आणि परवानाधारक वायरमन न्यूट्रल तपासून जाईपर्यंत तो पुन्हा लावू नये.